मागच्या दाराशी काटा

कायानीत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात,
त्यामुळे रात्रीचे नऊ वाजले हे आभाळावरून कळत नाही.
कळतं राइलीच्या हातातल्या लेबलयंत्रावरून.
टिक्. टिक्.
उद्या मुदत संपणाऱ्या माशाच्या वड्या,
कडेला जरा काळवंडलेला खिमा,
एका अंगाने चेपलेलं दह्याचं भांडं,
सगळ्यांच्या कपाळी लाल टिळा:
साठ टक्के सूट.

बावीस वर्षं झाली तिला या दुकानात.
आधी हिशेब सोपा होता.
तारीख उलटली की मागच्या दाराने बाहेर.
कधी पावाची गोणी अजून कोमट असायची,
डब्याचं झाकण लावताना चष्म्यावर वाफ यायची.
कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.
घरी मात्र ती ताटली पावाने पुसून घ्यायची,
आईसारखी.
आई युद्धानंतरच्या सालात वाढलेली.

गेल्या मार्चपासून मागच्या दाराशी एक काटा आहे.
टाकायचं ते आधी तोलायचं, मग कारण नोंदवायचं.
बटाटे, दोन किलो दोनशे. मोड आले.
राय पाव, सातशे ग्रॅम. कुणी घेतला नाही.
यादीत 'कुणी घेतला नाही'ला जागा होती,
'आपणच जास्त मागवला'ला नव्हती.
राइलीने ते पेत्तेरीला दाखवलं.
पेत्तेरी तिच्या धाकट्या मुलाच्या वयाचा, व्यवस्थापक.
त्याने कान खाजवला,
आणि पुढच्या आठवड्यात यादीत एक ओळ वाढली.

तेव्हापासून पाव कमी येतो.
सहानंतर फडताळाचं लाकूड दिसायला लागतं
आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात.
भरलेलं फडताळ म्हणजे बरकत,
ही सवय काही त्यांचीच नाही.

फळ्यावर आकडे उतरत गेले.
आठवड्याला एकशे चाळीस किलो, मग नव्वद, मग एकसष्ट.
"साखळीतल्या चाळीस दुकानांत आपण तिसरे!"
पेत्तेरीने केक आणला.
उरलेला राइलीने घरी नेला. तोलला नाही.

आणि ओइवा.
ओइवा मागच्या दाराचं गिऱ्हाईक,
रात्री साडेदहाला, सायकलवर, टॉर्च दातांत धरून.
दोघांची ओळख नव्हती, म्हणजे चांगलीच होती:
ती पावाची गोणी वर ठेवायची, कॉफीचा चोथा तळाशी,
तो जाताना झाकण नीट लावायचा.

आता पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं.
सालींचा गॅस होतो, त्यावर बस धावते.
पावाचा मद्यार्क होतो, तो कुणाच्या तरी गाडीत जातो.
एका रात्री ओइवाने डब्यात खांद्यापर्यंत हात घातला
आणि तळ हाताला लागला.
राइली खिडकीशी होती.
एकसष्ट किलोंत हे कुठे धरलेलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी तो पुढच्या दाराने आला.
टोपी काढून, चर्चमध्ये यावं तसा.
दारातल्या यंत्राला त्याने एकवीस रिकामे डबे भरवले,
एकेक, चिरडल्याचा आवाज ऐकत.
यंत्राने चिठ्ठी दिली: तीन युरो पंधरा.
माशाच्या वड्या, दही, राय पाव, लाल टिळ्यासकट.
दोन युरो पंच्याण्णव.
वीस सेंटसाठी तो थांबून राहिला.
तिने तळहातावर मोजून दिले, त्याने पुन्हा मोजले,
गिऱ्हाईक असल्यासारखे.
होताच तो.
"पिशवी हवी?" नियम म्हणून तिने विचारलं.
त्याने खिशातून काढली, याच दुकानाची,
साखळीचं जुनं नाव विरून गेलेली.

दुकान बंद करताना एक पाव उरला.
त्या बुधवारनंतर ओइवा दोनदा आला, आज नाही आला.
बर्फ पडतंय, किंवा डबे भरले नसतील,
किंवा काहीच नसेल.
राइली पाव काट्यावर ठेवते.
राय पाव, सातशे ग्रॅम.
काटा सातशे चाळीस दाखवतोय.
हात अजून काढलेला नाही तिने.